कड, मात्रा आणि नोंद : जबड्याच्या दुर्मीळ कर्करोगांतील शस्त्रक्रियोत्तर किरणोपचाराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा शोधांच्या तारखांनी सांगितला जातो. विल्हेल्म रॉन्टजेन यांनी इ.स. १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि मेरी व पिअर क्युरी यांनी इ.स. १८९८ मध्ये रेडियमचा शोध जाहीर केला, या दोन घटनांपासून किरणोपचाराच्या इतिहासाचा प्रारंभ मानण्याची प्रथा आहे. परंतु एखादे साधन हाती येणे आणि ते रुग्णावर केव्हा, किती व कोणत्या क्रमाने वापरावे हे निश्चित होणे, या दोन गोष्टींमध्ये कित्येक दशकांचे अंतर असू शकते. जबड्याच्या कर्करोगावर आधी शस्त्रक्रिया व त्यानंतर किरणोपचार हा क्रम आज स्वाभाविक वाटतो. प्रत्यक्षात त्याला निश्चित मात्रेचा व पुराव्याचा आधार मिळण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

येथे प्रारंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. भारतात गाल व हिरडी यांच्या आवरणात सुरू होऊन नंतर जबड्याच्या हाडात शिरणारा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो व तंबाखूशी त्याचा निकटचा संबंध आहे. याउलट हाडातच उगम पावणारा ऑस्टिओसार्कोमा, तसेच दात घडविणाऱ्या ऊतींपासून निर्माण होणारे अमेलोब्लास्टिक कार्सिनोमासारखे कर्करोग हे खऱ्या अर्थाने दुर्मीळ होत. दुर्मीळ रोगाच्या बाबतीत शेकडो रुग्णांची तुलनात्मक चाचणी घेणे जवळजवळ अशक्य असते. अशा वेळी उपचाराचा निर्णय कोणत्या आधारावर घेतला गेला, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) जबड्याच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया व किरणोपचार यांच्या संयोगाची ऐतिहासिक वाटचाल मांडणे. २) उपचारांचा क्रम व किरणांची मात्रा कशी निश्चित झाली हे तपासणे. ३) दुर्मीळ अर्बुदांच्या संदर्भात वैद्यकीय नोंदींचे महत्त्व स्पष्ट करणे. या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रसिद्ध वैद्यकीय अहवाल, चाचण्यांचे निष्कर्ष व चरित्रविषयक साहित्य यांचा आधार घेतला आहे.

किरणपूर्व काळ : केवळ शस्त्राचा आधार

फ्रान्समधील लिऑन येथील शल्यविशारद जोसेफ झाँसुल यांनी इ.स. १८२७ मध्ये वरचा जबडा काढण्याची शस्त्रक्रिया केली. इथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक बोस्टन येथे इ.स. १८४६ मध्ये झाले. म्हणजेच झाँसुल यांच्या रुग्णाने ही शस्त्रक्रिया पूर्ण शुद्धीत सोसली. त्या काळी शल्यविशारदाचे कौशल्य वेगावर मोजले जात असे. काढलेल्या भागाच्या कडेला रोग शिल्लक राहिला किंवा नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत तेव्हा रूढ नव्हती.

या काळाच्या अखेरचे बोलके उदाहरण म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्यावरील शस्त्रक्रिया होय. देश आर्थिक अरिष्टात असताना राष्ट्राध्यक्षांच्या आजाराची वार्ता बाहेर पडू नये म्हणून १ जुलै १८९३ रोजी 'ओनिडा' नावाच्या खासगी नौकेवर ही शस्त्रक्रिया करण्यात आली. जोसेफ ब्रायंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडातूनच डाव्या वरच्या जबड्याचा व टाळूचा भाग काढला. चेहऱ्यावर व्रण उरला नाही. संशयास्पद भाग शिल्लक असल्याचे वाटल्याने त्याच महिन्यात दुसरी लहान शस्त्रक्रिया करावी लागली. पुढे रबराचा कृत्रिम टाळू बसविण्यात आला. एका वृत्तपत्राने ही बातमी छापली तेव्हा ती नाकारण्यात आली आणि शस्त्रक्रियेत सहभागी असलेल्या डब्ल्यू. डब्ल्यू. कीन यांनी इ.स. १९१७ मध्ये सविस्तर हकीकत प्रसिद्ध करेपर्यंत सत्य अधिकृतपणे पुढे आले नाही.

क्लीव्हलँड इ.स. १९०८ पर्यंत जगले व त्यांचा कर्करोग पुन्हा उद्भवला नाही. काढलेला भाग फिलाडेल्फिया येथील म्यूटर संग्रहालयात जतन झाला होता. इ.स. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तो व्हेरुकस कार्सिनोमा, म्हणजे सावकाश वाढणारा व दूर सहसा न पसरणारा प्रकार, असल्याचे सांगण्यात आले. रुग्ण का वाचला याचे उत्तर शस्त्रक्रियेनंतर सुमारे ८७ वर्षांनी मिळाले. जतन केलेल्या नमुन्यावाचून तेही मिळाले नसते.

किरणांचा आरंभीचा वापर : फ्रॉइड यांचे प्रकरण

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत क्ष-किरण व रेडियम यांचा वापर उत्साहाने झाला, परंतु मात्रेचे विश्वसनीय मोजमाप नव्हते. व्हिएन्ना येथील किरणतज्ज्ञ ग्विडो होल्त्सक्नेख्त हे मात्रा मोजण्याचे साधन तयार करणाऱ्या आरंभीच्या संशोधकांपैकी एक होते. किरणांमुळे झालेल्या इजांनी त्यांना दीर्घकाळ ग्रासले व इ.स. १९३१ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

मनोविश्लेषणाचे प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड यांच्यावर याच होल्त्सक्नेख्त यांच्याकडे क्ष-किरणांचा उपचार झाला. एप्रिल १९२३ मध्ये मार्कुस हायेक यांनी फ्रॉइड यांच्या टाळूजवळील गाठीवर बाह्यरुग्ण विभागातच शस्त्रक्रिया केली. ती अपुरी ठरली व तीव्र रक्तस्राव झाला. त्यानंतर क्ष-किरण व रेडियम यांचा उपचार देण्यात आला. त्यातून वेदना वाढल्या, रोग मात्र आटोक्यात आला नाही. आजाराचे खरे स्वरूप प्रारंभी रुग्णापासून दडवून ठेवण्यात आले होते.

ऑक्टोबर १९२३ मध्ये मुखशल्यविशारद हान्स पिख्लर यांनी दोन टप्प्यांत व्यापक शस्त्रक्रिया करून उजव्या वरच्या जबड्याचा मोठा भाग, टाळू व खालच्या जबड्याचा काही भाग काढला. नोव्हेंबरमध्ये कडेच्या भागात रोग शिल्लक असल्याचे तपासणीत आढळताच त्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया केली. पुढील सोळा वर्षांत फ्रॉइड यांच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि प्रत्येकीची नोंद पिख्लर यांनी काटेकोरपणे ठेवली. इ.स. १९३८ मध्ये फ्रॉइड लंडनला निर्वासित झाल्यावर पिख्लर तेथे जाऊन शस्त्रक्रिया करून आले. इ.स. १९३९ च्या प्रारंभी रोग शस्त्राच्या आवाक्याबाहेर गेल्याचे ठरले. पॅरिसच्या रेडियम संस्थेतील आंत्वान लाकासान्य यांनी रुग्णास तपासले व किरणोपचार देण्यात आला. २३ सप्टेंबर १९३९ रोजी फ्रॉइड यांचे निधन झाले.

या प्रकरणातून दोन बाबी स्पष्ट होतात. इ.स. १९२३ मधील किरणोपचार हा शस्त्रक्रियेनंतरचाच होता. परंतु आधीची शस्त्रक्रिया अपुरी होती व दिलेल्या मात्रेला निश्चित आधार नव्हता. म्हणजे क्रम योग्य असूनही उपचार निष्फळ ठरला. दुसरे असे की, पिख्लर यांनी कडेकडे दिलेले लक्ष व त्यांची नोंदवही यांचा रुग्णाच्या दीर्घायुष्याशी संबंध जोडणे गैर ठरणार नाही.

रेडियमचे दुसरे रूप

ज्या रेडियमकडे कर्करोगावरील औषध म्हणून पाहिले जात होते, तेच जबड्याच्या नाशाचे कारण ठरू शकते हे याच दशकात उघड झाले. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ऑरेंज येथील कारखान्यात तरुण स्त्रिया घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग लावीत. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरण्याची पद्धत त्यांना शिकविली गेली होती. रेडियम शरीरात कॅल्शियमप्रमाणे वागते व हाडांत साठते. या स्त्रियांचे दात पडू लागले, जबडे कुजू लागले. न्यूयॉर्कचे दंतशल्यविशारद थिओडोर ब्लम यांनी इ.स. १९२४ मध्ये या विकाराची नोंद केली, तर हॅरिसन मार्टलँड यांनी इ.स. १९२५ पासून त्याची कारणमीमांसा मांडली. पुढे यांपैकी काहींना हाडांचा कर्करोगही झाला. कंपनीने स्वतः नेमलेल्या तज्ज्ञांचा प्रतिकूल अहवाल दाबून ठेवला होता; इ.स. १९२८ मध्ये पाच स्त्रियांचा दावा तडजोडीने मिटला.

जेम्स यूइंग यांनी इ.स. १९२६ मध्ये किरणांमुळे हाडाला होणाऱ्या इजेचे वर्णन केले. त्यामुळे जबड्याच्या कर्करोगापुढे एक पेच उभा राहिला. रोग हाडात आहे, किरण द्यावे तर हाडच मरू शकते, आणि न द्यावे तर कडेला उरलेला रोग वाढू शकतो. पुढील अर्धशतकाचा इतिहास हा पेच सोडविण्याचा इतिहास होय.

मात्रेची विभागणी व संयुक्त उपचार

पॅरिस येथे क्लॉडियस रेगो यांनी मेंढ्यांवरील प्रयोगांतून असे दाखविले की, एकदाच मोठी मात्रा दिल्यास त्वचेची गंभीर हानी होते; तीच मात्रा अनेक दिवसांत विभागून दिल्यास अपेक्षित परिणाम साधतो व त्वचा वाचते. त्यांचे सहकारी आन्री कुतार यांनी ही पद्धत घसा व स्वरयंत्र यांच्या कर्करोगांवर वापरली व इ.स. १९२२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत बरे झालेले रुग्ण सादर केले. आजही किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा-सात आठवडे दिला जातो, त्याचे मूळ या कार्यात आहे.

वरच्या जबड्याच्या बाबतीत स्वीडनमधील ओन्ग्रेन यांचा इ.स. १९३३ चा अभ्यास महत्त्वाचा आहे. स्टॉकहोम येथे विद्युत-शस्त्रक्रिया व रेडियम यांचा संयुक्त वापर होत असे. ओन्ग्रेन यांनी डोळ्याच्या आतील कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत एक काल्पनिक रेषा कल्पून, तिच्या वर व मागे असलेल्या अर्बुदांचे भवितव्य अधिक वाईट असते असे मांडले. अर्बुद कोठे आहे यावर शल्यविशारदाला स्वच्छ कड मिळणे अवलंबून असते, हे तत्त्व येथे प्रथमच सुस्पष्ट झाले.

तरीही त्या काळच्या क्ष-किरणांची एक अंगभूत मर्यादा होती. कमी ऊर्जेचे किरण मऊ ऊतींपेक्षा हाडात अधिक प्रमाणात शोषले जात, त्यामुळे जबड्याला नको तितकी मात्रा पोहोचे. इ.स. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० यंत्रांचा व इ.स. १९५३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात लिनिअर ॲक्सिलरेटरचा उपयोग सुरू झाला, तेव्हा ही अडचण बरीच कमी झाली.

क्रमाचा प्रश्न : आधी की नंतर?

यंत्र सुधारले तरी किरण शस्त्रक्रियेपूर्वी द्यावेत की नंतर, हा वाद कायम होता. आधी दिल्यास गाठ लहान होते, परंतु जखम भरण्यास अडथळा येतो. नंतर दिल्यास सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीचा अहवाल हाती असतो, परंतु व्रणयुक्त ऊतींना रक्तपुरवठा कमी असल्याने अधिक मात्रा लागते. ह्यूस्टन येथील गिल्बर्ट फ्लेचर यांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या, कडेला उरलेल्या सूक्ष्म रोगाची संकल्पना मांडून, मोठ्या गाठीपेक्षा अशा रोगाला कमी मात्रा पुरते असे प्रतिपादन केले. शस्त्राने मोठा भाग काढावा व उरलेल्याचा बंदोबस्त किरणांनी करावा, या श्रमविभागणीला त्यामुळे शास्त्रीय अधिष्ठान लाभले.

अमेरिकेत इ.स. १९७३ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत २७७ रुग्णांची तुलना झाली. शस्त्रक्रियेपूर्वी ५० ग्रे व शस्त्रक्रियेनंतर ६० ग्रे असे दोन गट होते (ग्रे हे किरणमात्रेचे एकक होय). इ.स. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन निष्कर्षांत नंतर किरण घेतलेल्या गटात रोगाचे स्थानिक नियंत्रण सरस आढळले, मात्र आयुर्मानात निर्णायक फरक दिसला नाही. इ.स. १९९३ मध्ये ह्यूस्टनच्याच अभ्यासाने किमान ५७.६ ग्रे व मानेतील गाठीच्या आवरणाबाहेर रोग गेला असल्यास ६३ ग्रे मात्रा आवश्यक असल्याचे दाखविले. इ.स. २००४ मध्ये युरोप व अमेरिकेतील दोन चाचण्यांनी किरणोपचारासोबत सिस्प्लॅटिन देण्याचा लाभ मांडला आणि पुढील वर्षीच्या एकत्रित विश्लेषणातून हा लाभ मुख्यतः रोगग्रस्त कड व आवरणाबाहेरील प्रसार असलेल्या रुग्णांना होतो असे निष्पन्न झाले. कड हा शब्द अशा रीतीने उपचाराच्या निर्णयाचा केंद्रबिंदू बनला.

भारतीय संदर्भ

मुंबईतील परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. इ.स. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे व इ.स. १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. किरणोपचाराच्या दृष्टीने हे हस्तांतर अर्थपूर्ण होते. विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी येथे मुखकर्करोगाच्या अभ्यासाचा व नोंदींचा पाया घातला.

भारतीय रुग्णांवर आधारित पुरावाही उल्लेखनीय आहे. ओडिशातील कटक येथे गालाच्या प्रगत कर्करोगाच्या १४० रुग्णांवर झालेल्या व इ.स. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, केवळ शस्त्रक्रिया झालेल्या गटात तीन वर्षांनी रोगमुक्त असण्याचे प्रमाण ३८ टक्के, तर नंतर किरणोपचार मिळालेल्या गटात ६८ टक्के आढळले. टाटा मेमोरियल रुग्णालयातील ३०० रुग्णांच्या, इ.स. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेनंतरचे होते. किरणोपचारासोबत सिस्प्लॅटिन आठवड्याला कमी मात्रेत दिल्यास दोन वर्षांचे स्थानिक नियंत्रण ५८.५ टक्के व तीन आठवड्यांतून एकदा मोठ्या मात्रेत दिल्यास ७३.१ टक्के आढळले.

दुर्मीळ अर्बुदे व नोंदींचे मोल

वरील सर्व चाचण्या तोंडाच्या व घशाच्या आवरणातील नेहमीच्या कर्करोगांच्या होत. जबड्याच्या दुर्मीळ कर्करोगांना हेच नियम बहुधा साधर्म्याने लावले गेले. साधर्म्य हे तर्काचे उपयुक्त साधन असले तरी ते पुराव्याची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही.

मुळात या अर्बुदांना एक समान नाव देणे हेच मोठे कार्य होते. पॉल ब्रोका यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात दातांशी संबंधित अर्बुदांचे वर्गीकरण केले. जागतिक आरोग्य संघटनेचे पहिले वर्गीकरण मात्र इ.स. १९७१ मध्ये आले. त्याचे एक कर्ते, डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग, यांनी फली मेहता यांच्यासमवेत भारतातील मुखरोगांचाही अभ्यास केला होता. समान नाव नसेल तर दोन रुग्णालयांचे रुग्ण एकत्र मोजता येत नाहीत.

अमेलोब्लास्टोमा किरणांना दाद देत नाही ही समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. कॅनडातील टोरांटो येथील संशोधकांनी इ.स. १९८४ मध्ये उच्च ऊर्जेचे किरण दिलेल्या अवघ्या दहा रुग्णांच्या आधारे या समजुतीचा पुनर्विचार सुचविला. शस्त्रक्रिया हाच या विकाराचा मुख्य उपचार राहिला. परंतु शस्त्रक्रिया शक्य नसेल किंवा रोग शिल्लक असेल तेथे किरणांचा विचार करण्यास वाट मोकळी झाली.

ऑस्टिओसार्कोमाचे उदाहरण अधिक निर्णायक आहे. हा रोग जबड्यात झाल्यास लांब हाडांच्या तुलनेत अधिक वयात आढळतो व दूर पसरण्याचे प्रमाण कमी असते. रुग्णाचे भवितव्य प्रामुख्याने स्थानिक नियंत्रणावर अवलंबून असते. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राने इ.स. १९६० ते २००७ या काळातील डोके व मान यांच्या ऑस्टिओसार्कोमाच्या ११९ रुग्णांचा अभ्यास इ.स. २००९ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांच्या कडा रोगग्रस्त वा अनिश्चित होत्या, त्यांच्यात केवळ शस्त्रक्रियेने पाच वर्षांचे जीवितप्रमाण ३१ टक्के, तर किरणोपचाराच्या जोडीने ८० टक्के आढळले. ही रुग्णांची यादृच्छिक विभागणी केलेली चाचणी नव्हती, त्यामुळे तिचे निष्कर्ष सावधपणे वाचले पाहिजेत. परंतु जगातील एका मोठ्या केंद्रालाही ११९ रुग्ण जमविण्यास ४७ वर्षे लागली, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाला विचारप्रवृत्त करणारी आहे. इ.स. १९६० मधील लिपिकाने वा डॉक्टराने कडेचा अहवाल नीट जपला नसता, तर इ.स. २००९ मध्ये हा निष्कर्ष काढता आला नसता.

उपचाराची किंमत

किरणोपचाराने जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा घटतो व पुढे दात काढल्यास जखम न भरता हाड उघडे पडू शकते. रॉबर्ट मार्क्स यांनी इ.स. १९८३ मध्ये या विकाराची मीमांसा मांडून उच्चदाबाच्या प्राणवायूचा पुरस्कार केला. इ.स. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत मात्र किरणोपचारित खालच्या जबड्यातील दात काढताना वा दंतरोपण करताना प्रतिबंधक उपाय म्हणून त्याचा लाभ दिसला नाही. किरणोपचारापूर्वीच दातांची तपासणी करून खराब दात काढणे हा साधा नियम त्यामुळे अधिकच महत्त्वाचा ठरतो.

किरणांची तीव्रता आकारानुसार नियंत्रित करणाऱ्या तंत्रामुळे लालोत्पादक ग्रंथी वाचविणे शक्य झाले. इ.स. २०११ मधील ब्रिटिश चाचणीत एका वर्षानंतर त्रासदायक मुखशुष्कतेचे प्रमाण जुन्या पद्धतीत ७४ टक्के, तर नव्या पद्धतीत ३८ टक्के आढळले. पायातील नडगीलगतचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह घेऊन खालचा जबडा पुन्हा घडविण्याची पद्धत डेव्हिड हिडाल्गो यांनी इ.स. १९८९ मध्ये मांडली. फ्रॉइड यांना जे आयुष्य कृत्रिम टाळूसह काढावे लागले, त्याला त्यामुळे पर्याय निर्माण झाला.

वेळेचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. शस्त्रक्रियेनंतर साधारणतः सहा आठवड्यांच्या आत किरणोपचार सुरू व्हावा असा संकेत आहे. इ.स. २००१ मधील एका अमेरिकी अभ्यासात अधिक धोक्याच्या रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेपासून किरणोपचार संपेपर्यंतचा काळ ११ आठवड्यांपेक्षा अधिक लांबल्यास रोगनियंत्रण खालावते असे दिसले. जिल्ह्याच्या गावी शस्त्रक्रिया झालेला व किरणोपचारासाठी सहा-सात आठवडे मोठ्या शहरात राहण्याची सोय नसलेला रुग्ण याच कालमर्यादेत अडकतो. त्याच्या दृष्टीने यंत्राच्या शोधाची तारीख गौण असते. यंत्रापाशी पोहोचण्याची तारीख निर्णायक असते.

निष्कर्ष

१) शस्त्रक्रियोत्तर किरणोपचार हा एका शोधाचा परिणाम नसून कडेची तपासणी, मात्रेचे मोजमाप व दीर्घकालीन नोंद या तीन शिस्तींच्या संयोगातून तो आकारास आला.

२) क्लीव्हलँड, फ्रॉइड व तबकड्या रंगविणाऱ्या स्त्रिया या तिन्ही प्रकरणांत माहिती दडविली गेली. ज्ञानात भर पडली ती मात्र जतन केलेला नमुना, शल्यविशारदाची वही व प्रसिद्ध केलेले अहवाल यांमुळे.

३) नेहमीच्या मुखकर्करोगांविषयीचे नियम दुर्मीळ अर्बुदांना लावताना विवेक आवश्यक आहे. स्वच्छ कडेने काढलेल्या अर्बुदात किरणोपचाराचा लाभ व हाडाची हानी यांचे तारतम्य प्रत्येक रुग्णागणिक पाहावे लागते. रोगग्रस्त कडेच्या बाबतीत पुराव्याचा कल किरणोपचाराकडे आहे.

४) दुर्मीळ रोगांच्या संदर्भात रुग्णालयाचे जुने दप्तर हे केवळ प्रशासकीय साहित्य नसून पुढील पिढीच्या उपचाराचा आधार आहे. जिल्हा रुग्णालये व वैद्यकीय महाविद्यालये यांतील विकृतिशास्त्राचे अहवाल, शस्त्रक्रियांच्या नोंदवह्या व जतन केलेले नमुने रद्दीत जाऊ न देणे हे इतिहास व वैद्यकशास्त्र या दोन्ही विद्याशाखांचे समान कर्तव्य होय. महाविद्यालयीन स्तरावर या दोन शाखांनी एकत्र येऊन स्थानिक वैद्यकीय नोंदींचे सूचीकरण हाती घेतल्यास, आज एकाकी वाटणाऱ्या रुग्णाची नोंद उद्याच्या निर्णयाला उपयोगी पडू शकेल.